एक दार सदैव बंद ठेवावे

ज्या खाणीसाठी मी पंखा आखला, ती खाण मी आतून कधीच पाहिली नाही. बाईनं जमिनीखाली काम करायचं नाही असा तेव्हा कायदा होता, आणि तुमसरच्या पुढच्या त्या मँगनीजच्या खाणीत कायद्याहून जुना एक समज होता, की बाई आत उतरली की छत खाली येतं. आतल्या वाटा मला कागदावर माहीत होत्या. कुठली वाट किती लांब, कुठे वळते, किती उतरते, तिथं हवेला किती अडथळा होईल, हे मी आकडेमोड करून सांगू शकत होते. तिथं उभं राहिल्यावर कसं वाटतं ते मला ठाऊक नव्हतं.

ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची होते आणि भंडाऱ्याला, हमरस्त्यालगतच्या एका वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग काढायच्या कामाला होते. वर्कशॉप मुळात राईस मिलच्या सामानाचं. तांदूळ सडताना निघणारा कोंडा उडवून बाहेर फेकणारे पंखे ते लोक कित्येक वर्षं बनवत. मालकांना सगळे ‘भाऊ’ म्हणत. खाणीचं काम आलं तेव्हा भाऊ म्हणाले होते, “कोंडा उडवतो आपन, तं धूर काहून नाही उडवनार?” आणि त्या एका वाक्यावर त्यांनी काम घेतलं. मग त्यांच्या लक्षात आलं असावं, की धूर म्हणजे कोंडा नव्हे. म्हणून मला बोलावलं. नागपूरच्या पॉलिटेक्निकमधून मी पदविका घेतली होती, पंख्यांवरची पुस्तकं इंग्रजीत होती, आणि इंग्रजी मला येत होतं.

इंग्रजी येण्याचं कारण माझे वडील. ते मोहाडीकडच्या एका खेड्यातले, धान पिकवणाऱ्या घरातले. जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला लागले आणि आम्ही क्वार्टरमध्ये राहायला गेलो. पोरीनं साहेबांच्या पोरांसारखं बोलावं म्हणून त्यांनी मला नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये ठेवलं. तिथं मराठी बोललं की गळ्यात एक पाटी घालून दिवसभर फिरावं लागे. माझ्या गळ्यात ती दोनदाच आली. नंतर मी बोलणंच कमी केलं. सुटीत क्वार्टरवर यावं तर तिथं दुसरीच रीत: कारखान्यात काय बनतं, आज काय झालं, हे कुणी कुणाला विचारायचं नाही. संध्याकाळी फॅक्टरीच्या बसमधून वडील उतरत, हातपाय धूत, आणि दिवसाबद्दल एक अक्षर बोलत नसत. न बोलणं म्हणजे शहाणपण, असंच मी दोन्हीकडे शिकले.

वर्कशॉपचे मुख्य मिस्त्री साठीच्या जवळचे होते. त्यांना सगळे मिस्त्रीकाका म्हणत, मीही तेच म्हणू लागले. ते मला ‘इंजिनेरबाई’ म्हणत. त्यात थट्टा किती आणि मान किती, हे मला बरेच दिवस कळलं नाही.

कोंड्याच्या पंख्याची पाती सरळ असतात, चाकाच्या आऱ्यांसारखी, म्हणजे त्यांच्यावर काही चिकटून बसत नाही. खाणीच्या पंख्याची पाती मी मागे वाकवलेली काढली होती, चाक फिरतं त्याच्या उलट दिशेला झुकलेली. तशा पंख्याला वीज कमी लागते, आणि खाणीतली वाट पुढे लांबली तरी तो दमत नाही. मिस्त्रीकाकांनी ड्रॉइंग हातात घेतलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

“पाती मांगं वाकवली तं हवा मांगंच जाईन ना बाई.”

“नाही जाणार,” मी म्हणाले.

“पुस्तकात लिवलं हाय?”

“हो.”

“मंग जाईन पुढं. पुस्तकाचं आयकतेच हवा.”

आजूबाजूचे वेल्डर हसले. मी जमिनीवर खडूनं पंख्याच्या कवचाची पूर्ण आकाराची आकृती काढायला बसले. पंख्याच्या त्या गोल फुगत जाणाऱ्या पत्र्याच्या कवचाला ते लोक शंख म्हणत. वर्कशॉपच्या फरशीवर एवढा मोठा शंख त्यांनी पाहिला नव्हता. दुपारपर्यंत हसणं थांबलं आणि मिस्त्रीकाका स्वतः दोरी धरायला आले.

चाक तयार झाल्यावर ते तोलायचं असतं. दोन सरळ, धारदार पट्ट्यांवर त्याचा दांडा ठेवायचा आणि सोडून द्यायचं. जिथं वजन जास्त, ती बाजू आपोआप खाली येते. मग समोरच्या बाजूला लोखंडाचा तुकडा वेल्ड करायचा आणि पुन्हा सोडायचं. हे दोन दिवस चाललं. शेवटी चाक कसंही सोडलं तरी तिथंच उभं राहू लागलं. मिस्त्रीकाकांनी ते पाच-सात वेळा वेगवेगळं फिरवून सोडलं, आणि मग माझ्यासाठी चहा मागवला. इथवर माझं काही चुकलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे चुकलं ते पंख्यात नव्हतं.

पंखा बसायचा होता खाणीच्या दुसऱ्या तोंडावर. माणसं आणि रुळांवरचे डबे जातात ते एक तोंड. तिथून चांगली हवा आत शिरायची, सगळ्या वाटा फिरून, सुरुंगाचा धूर घेऊन, दुसऱ्या तोंडातून पंख्यानं ती बाहेर ओढायची. अडचण एकच होती. या दोन तोंडांना जोडणारी एक आखूड वाट आत होती, आणि खनिजाचे डबे तिथूनच ढकलत नेत. हवा पाण्यासारखी असते, जवळची वाट मिळाली की लांब जात नाही. म्हणून त्या वाटेवर एकामागे एक अशी दोन दारं बसवली होती, मध्ये डब्यांची एक रांग मावेल एवढी जागा सोडून. पहिलं दार उघडायचं, डबे आत घ्यायचे, ते लावायचं. मगच दुसरं उघडायचं. दोन्ही कधी एकदम उघडायची नाहीत. उघडली तर पंखा जोरात चालेल, पण जवळचीच हवा ओढत बसेल, आणि अगदी खालच्या टोकाला काम करणाऱ्यांपर्यंत काहीच पोचणार नाही.

हे मी इंग्रजीत सूचनांच्या कागदावर लिहिलं होतं. भाऊ म्हणाले, खाणीवाल्यांना दारावर लावायला मराठीत बोर्ड पाहिजे, मजकूर तुम्हीच द्या.

माझं मराठी कच्चं आहे, हे मला सांगता आलं असतं. लाज वाटली. घरी गेल्यावर मी वाक्य आधी इंग्रजीत धरलं आणि मग एकेक शब्द ठेवत गेले. ‘एक दार सदैव बंद ठेवावे.’ ‘नेहमी’ लिहिलं होतं, ते खोडून ‘सदैव’ केलं, कारण ते जास्त शुद्ध वाटलं. दुसऱ्या दिवशी कागद मिस्त्रीकाकांना दाखवला. त्यांनी बोट ठेवत सावकाश वाचला.

“एक म्हंजे कोनतं?”

“कोणतंही,” मी म्हणाले. “दोन्हीतलं एक.”

“हां,” ते म्हणाले, आणि कागद परत दिला.

मला वाटलं, पुन्हा थट्टा करताहेत. मी तो कागद पाकिटात घातला. तुमसरच्या पेंटरनं त्यावरून लाल अक्षरांत एक बोर्ड रंगवला. एकच. दारं दोन, बोर्ड एक.

पंखा बसल्यावर चाचणीसाठी मला आठ दिवस खाणीवर जायचं होतं. सकाळी एसटीनं तुमसरला, तिथून खाणीच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी. पंख्याच्या खोलीत मला एक स्टूल दिलं होतं. भिंतीवर काचेची वाकवलेली नळी टांगली होती, इंग्रजी यू अक्षरासारखी, तिच्यात लाल शाई घातलेलं पाणी. पंखा किती ओढतो आहे हे तिच्या दोन बाजूंच्या पाण्यातल्या फरकावरून कळतं. दर पाव तासानं तो फरक वहीत लिहायचा, हे माझं काम.

तिथंच त्या दोन दारांवरच्या माणसाची, दारवाल्याची, ओळख झाली. पन्नाशीचा माणूस, पण वयापेक्षा मोठा दिसायचा. वीस वर्षं त्यानं आत ड्रिलवर काम केलं होतं. छाती बिघडली तेव्हा डॉक्टरांनी हलकं काम द्या असं लिहून दिलं, आणि नवी दोन दारं बसली तेव्हा ती त्याच्या ताब्यात दिली. खाणीत दुसरं हलकं काम नव्हतं. दार गेलं तर एक तर पुन्हा धुळीत जायचं किंवा घरी, हे तो पहिल्याच दिवशी सहज बोलून गेला, जेवणाच्या डब्याबद्दल बोलावं तसं.

पाळी सुटली की तो पंख्याच्या खोलीबाहेर टेकायला येई. पहिल्या दिवशी दारातून डोकावून म्हणाला, “हा पंखा तुमी बनवला?”

“ड्रॉइंग मी काढलं.”

“आन् आत नाही येऊन रायल्या पाहाले?”

“बायकांना परवानगी नाही.”

“हां, थे त हाय.” मग उंबऱ्याला टेकून, “मी सांगीन ना तुमाले. काय इचारायचं थे इचारा.”

मी विचारलं, खाली टोकाला हवा पोचते का. तो म्हणाला, पाळी सुटली की टोकाला जाऊन मी, उपणणीच्या वेळी वारा बघतात तसं, चिमूटभर धूळ सोडून बघतो. आधी ती सरळ पायावर पडायची, आता जराशी सरकते. “पन जरासीच,” तो म्हणाला. “बांधीचा धुरा फुटला का पानी खालच्या बांधीत जात नाही ना, तसं वाटून रायलं. कुठंतरी फुटलं हाय बाई.”

धानाच्या बांधीचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, फुटला की पाणी कसं निसटतं हे मला वडिलांच्या गावामुळे माहीत होतं. पण मला वाटलं, वाटेतल्या भिंतींना कुठे भेग असेल, हळूहळू बुजवतील. खरं तर तो मला उत्तरच सांगत होता. मी वहीत लिहिलं, ‘गळती संभवते,’ आणि तारीख घातली.

माझ्या वहीत आणखी एक गोष्ट होती. नळीतलं पाणी मधूनच खाली येई, दोन-तीन मिनिटं तसंच राही आणि पुन्हा चढे. मग थोड्या वेळानं डबे वर आल्याची घंटा वाजे. असं दिवसातून अनेकदा. मला वाटलं रबराच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकतो. मी नळी बदलली. पाणी तसंच खाली येत राहिलं.

सहाव्या दिवशी, दुपारच्या सुरुंगानंतर, खालच्या टोकाचे तीन जण वर आणले. दोघं स्वतःच्या पायांनी आले, ओकत. तिसऱ्याला धरून आणलं. मी पंख्याच्या खोलीच्या दारात उभी होते. त्याचा चेहरा राखेसारखा होता आणि तो सारखं पाणी मागत होता. संध्याकाळपर्यंत तिघंही बरे झाले. पण त्या वेळी कुणाला ते ठाऊक नव्हतं, आणि सगळे पंख्याकडे बघत होते. पंखा माझ्या मागे नीट, एका सुरात चालला होता.

लगोलग मुकादम आत गेला आणि दारवाल्याला घेऊन वर आला. कार्यालयाच्या व्हरांड्यात गर्दी झाली. व्यवस्थापक साहेब बाहेरगावचे, हिंदी आणि इंग्रजी बोलणारे. भाऊही त्या दिवशी आले होते.

मुकादम ओरडत होता, “एक दार तारनं बांधून ठेवलं यानं! उघडं! सताड! डबे आले का दुसरं बी उघडते. दोन-दोन दारं लावाचा जिवावर येते बुढ्याच्या!”

“जिवावर कायले येईन?” दारवाला म्हणाला. तो धापा टाकत होता. “बोर्डावर लिवलं तसंच करून रायलो.”

“बोर्डावर लिवलं दार बांधून ठेव म्हनून?”

“एक दार बंद ठेवाचं लिवलं. जेच्यावर बोर्ड हाय थे एक. थे मी बंदच ठेवतो. डबे आले तवाच उघडतो. दुसऱ्यावर काहीच लिवलं नाही, मंग थे कायले लावू?”

कुणीतरी हसलं. “वा बावा, वकील झाला!”

“मले वाचता येत नाही,” तो म्हणाला. “तुमीच वाचून दाखवलं मले, मुकादमसाहेब. एक दार, सदैव. सदैव म्हंजे काय, थेही तुमीच सांगलं.”

नळीतलं पाणी का खाली येत होतं ते मला त्या क्षणी कळलं. सहा दिवस डबे आले की दोन्ही दारं उघडी असत. मी वर बसून त्याची नोंद ठेवत होते. आणि मिस्त्रीकाकांचा आवाज आठवला: एक म्हंजे कोनतं?

बोलायचं ते वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. ते वाक्य मी लिहिलं आहे, एवढंच म्हणायचं होतं. भाऊ माझ्या शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, “पंखा आपला बरोबर हाय. दार तेंचं हाय. आपन मधात बोलू नोका, बाई.” खरं तर त्यांनी तसं सांगायची गरज नव्हती. मी गप्पच राहिले असते.

साहेबांनी दारवाल्याला चार्जशीट द्यायला सांगितलं. तो व्हरांड्याच्या पायरीवरून उतरताना माझ्याकडे पाहून म्हणाला, “पाहा ना बाई.” बस, एवढंच. मी लिहिलं हे त्याला माहीत नव्हतं. मी शिकलेली आहे, बोर्ड वाचू शकते, तर दोन शब्द सांगेन, एवढंच त्याला वाटलं असेल.

घरी मी वडिलांना सांगितलं. कामावरची गोष्ट घरी सांगायची ती माझी पहिली वेळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“तुले कोनी इचारलं काय, का बोर्ड कोनं लिवला?”

“नाही.”

“मंग?”

ते वाईट माणूस नाहीत. त्यांच्या कारखान्यात एका शब्दानं माणसाची नोकरी जाते, आणि इतकी वर्षं त्यांनी एकही जादा शब्द उच्चारला नव्हता. खाणीवरची चाचणी थांबली होती. चार दिवस भंडाऱ्याच्या टेबलावर बसून मी दुसऱ्या एका मिलचा पंखा काढत होते. रेषा सरळ येत होत्या. चूक माझी एकटीची नाही, बोर्ड एकच का लावला, मुकादमानं नीट का समजावलं नाही, पेंटरनं का विचारलं नाही, असं मी स्वतःशी मांडत होते, आणि ते सगळं खरंही होतं.

चौथ्या दिवशी मिस्त्रीकाका माझ्या टेबलाशी आले. त्या दिवशी त्यांनी मला इंजिनेरबाई म्हटलं नाही.

“थ्या दारवाल्याले खाली लावलं मनते. टोकाले. मलबा भरायले. चौकशी होयेपर्यंत.”

“त्याची छाती…”

“हो. छाती.” त्यांनी माझ्या टेबलावरचा खडू उचलला आणि परत ठेवला. “मी इचारलो होतो ना बाई तुमाले. कोनतं, म्हनून.”

“हो.”

“मलेबी जोरानं इचाराले पाह्यजे होतं. वाटलं, शिकली पोरगी हाय, तिले मालूम असन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाऊंना म्हणाले, मी खाणीवर जाऊन येते. त्यांनी कारण विचारलं नाही. मग म्हणाले, “जा. सांगाचं थे सांगा. पन आपल्या वर्कशॉपच्या कागदावर काही लिवून नोका देऊ.” मी जोरदार नकाराची वाट पाहत होते, तो आला असता तर मला परत जागेवर बसता आलं असतं.

साहेबांसमोर मी इंग्रजीत बोलले. तिथं मला सोपं जायला हवं होतं. मी म्हणाले, बोर्डवरचं वाक्य माझं आहे आणि ते चुकीचं आहे. त्यांनी माझा मूळ इंग्रजी कागद फायलीतून काढला, वाचला आणि म्हणाले, “इसमें गलत क्या है? एक दरवाजा हमेशा बंद रहना चाहिए. बिलकुल साफ है.” मी पुन्हा वाचलं. खरंच साफ होतं. ज्याला आधीपासून माहीत आहे त्याला ते अगदी साफ होतं. मी जितकं समजावू लागले तितकं ते त्यांना एखाद्या घाबरलेल्या मुलीचं दयाळूपण वाटू लागलं. त्या बुढ्ढ्याची दया येते का, असं त्यांनी मला चांगल्या शब्दांत विचारलं.

तेव्हा मी म्हणाले, त्यालाच बोलवा.

तो आला तेव्हा अंगावर काळी माती होती. तो खोकत होता, आणि खोकला थांबेपर्यंत सगळ्यांना थांबावं लागलं. मी टेबलावरची दोन जाड रजिस्टरं उभी केली, एकामागे एक. त्यांच्यामध्ये पेन्सिल आडवी धरली. मला इंग्रजी सोडावं लागलं. माझं ते कच्चं, पुस्तकी मराठी, त्यात घरचे शब्द मिसळत, मी बोलू लागले.

“ही दोन दारं. हे डबे. बोर्ड मी लिहिला. मला म्हणायचं होतं, हे उघडं असेल तर हे बंद, आणि हे उघडं असेल तर हे बंद. दोन्हीतलं एक, पाळीपाळीनं. पण मी तसं लिहिलं नाही.”

दारवाला रजिस्टरांकडे बघत होता. मग त्यानं हात पुढे केला आणि माझ्या हातातली पेन्सिल घेतली. पहिलं रजिस्टर बाजूला केलं, पेन्सिल आत नेली, रजिस्टर परत जागेवर ठेवलं, मग दुसरं हलवलं.

“असं?”

“असं.”

“मंग असंच लिवायचं ना,” तो म्हणाला. “पयलं लावा. मंग दुसरं उघडा. यात काय हाय लिवासारखं कठीन?”

साहेबांनी मला पुन्हा करून दाखवायला सांगितलं, आणि मग वही मागितली. नळीतलं पाणी खाली आलेल्या वेळा आणि वर आलेल्या डब्यांच्या वेळा मी शेजारी शेजारी लिहून नेल्या होत्या. ते बराच वेळ वाचत होते. मी म्हणाले, यानं सहा दिवस सूचना तंतोतंत पाळली, हे या आकड्यांत दिसतं. एकदाही तो दार जास्त वेळ उघडं ठेवून बसलेला नाही. डबे गेले की लगेच लावलं आहे.

चार्जशीट मागे घेतली. लेखी ताकीद मात्र राहिली, कारण साहेबांच्या मते काहीतरी फायलीत राहायला हवं होतं. दारं त्याला परत मिळाली. माझ्याबद्दल भाऊंना एक पत्र गेलं. त्यात काय होतं ते भाऊंनी मला कधी दाखवलं नाही, आणि मीही मागितलं नाही.

नवा मजकूर तिथंच, त्याच टेबलावर लिहिला. तो सांगत होता आणि मी लिहीत होते. ‘पयलं’ला मी ‘पहिले’ केलं, तेवढाच माझा हात. दोन बोर्ड करायला सांगितले.

दुपारच्या पाळीला अवकाश होता. तो पंख्याच्या खोलीबाहेर नेहमीच्या जागी टेकला. मी चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो घेतला, पण लगेच प्याला नाही.

“बोर्ड तुमी लिवला होता,” तो म्हणाला.

“हो.”

“थ्या दिवशी तुमी तेथीच होत्या. व्हरांड्यात.”

“हो.”

“चार-पाच दिवस काहून चूप रायल्या, बाई?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. धूळ सरकते की नाही, हे तो जसं बघायचा तसंच बघत होता. मी कारणं शोधली; भाऊ, वडील, शाळा. ती सगळी त्याच्यासमोर मांडण्यासारखी नव्हती.

“भीती वाटली,” मी म्हणाले.

“भेव त मलेबी वाटत होता,” तो म्हणाला. “पन मले चूप राहू कोनं देल्लं?”

पाळीचा भोंगा झाला. त्यानं चहा एका दमात संपवला, कप भिंतीवर ठेवला आणि उठताना पुन्हा त्याला खोकला आला. तो पहिल्यापेक्षा खोल होता, की तो पहिल्यापासूनच तसा होता आणि मीच आता ऐकत होते, हे मला सांगता येणार नाही. मी ते कुणाला विचारलंही नाही. तो इतरांबरोबर खाणीच्या तोंडाकडे गेला. मी त्याला निरोपाचं “या” म्हणाले. त्यानं ऐकलं असावं, पण वळून पाहिलं नाही, आणि थोड्या वेळानं उतारावर त्याचं डोकं दिसेनासं झालं.